चारशे मुलं, बारा वर्ग

“काका, मुलं चारशे असली तरी वर्ग बाराच आहेत,” बाई म्हणाल्या आणि संगणकाच्या पडद्यावरचं उत्तर त्यांनी खोडायला लावलं.

काकांचा चेहरा पडला. सकाळपासून डोळे फोडून त्यांनी ते काढलं होतं. आयुष्यभर गणिताची मास्तरकी केलेला माणूस, आता लेकीच्या वयाच्या बाईंपुढे बसून बोलणी खात होता. पण गरज त्यांचीच होती. लेकीचं संशोधन अर्धवट राहिलं होतं. आजारानं तिला तेवढी सवड दिली नाही. वर्गात रोज थोडा वेळ मोठ्यानं वाचून दाखवलं तर मुलांचं वाचन सुधारतं, असं तिचं म्हणणं. सहा वर्गांत तिनं ते करून पाहिलं, सहा वर्ग तसेच ठेवले. शेवटचं गणित नीट करून लेख तिच्या नावानं छापायचा, एवढंच बाकी होतं. बाई तिच्या मार्गदर्शक. त्या ते करून द्यायला एका पायावर तयार होत्या, पण काकांनी हट्ट धरला, मला शिकवा, मी करतो. दुःखाला कामाला जुंपलं की ते लाथा कमी झाडतं, अशी त्यांची समजूत होती. ती साफ चुकीची निघाली.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. एका वर्गातली मुलं एकमेकांच्या वळणावर जातात. शिक्षक चांगला मिळाला की अख्खा वर्ग वर येतो. म्हणून चारशे मुलं म्हणजे चारशे स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. वर्गावर्गांमधला फरक वेगळा धरायचा, एकाच वर्गातल्या मुलांमधला वेगळा, आणि दोन्ही पातळ्या एकाच समीकरणात मांडायच्या. काकांना यात नवीन काहीच नव्हतं. ‘यंदाची तुकडी एकजात द्वाड आहे’ असं शिक्षकांच्या खोलीत तेच म्हणत आले होते. तरी कागदावर उतरवताना त्यांनी सगळ्या मुलांची एकच रास केली. लेकीनंही तेच केलं होतं. त्या राशीतून तिचं म्हणणं ठामपणे खरं ठरलं होतं, आणि दवाखान्यातल्या खाटेवर ते उत्तर बघून ती हसली होती. त्यानंतर घरात कुणी तसं हसलं नाही.

काकांनी आता वर्ग धरून आज्ञा लिहिली. संगणकानं दोनदा ती परत केली, काकांनी त्याला ‘ढ’ म्हणून घेतलं, आणि तिसऱ्यांदा उत्तर आलं. फरक होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंची शक्यता इतकी पसरली होती की शून्य तिच्यात आरामात मावत होतं, म्हणजे वाचनानं काहीच फरक पडला नसेल, हेही शक्य होतं.

“माझंच काही चुकलं असेल,” ते म्हणाले.

बाईंनी सगळं तपासलं. काही चुकलं नव्हतं.

“मी तिला सांगितलं होतं, वर्ग धरून कर. मग तिची तब्येत ढासळली आणि मला रेटवेना,” बाई खाली बघत म्हणाल्या.

जुनंच उत्तर ठेवलं तर, असं काकांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कुणी खोदून विचारेलच असं नाही, तुम्ही म्हणाल तसं करू, असं बाईंनी सांगितलं.

तेव्हा मात्र काकांचा बांध फुटला. “मी हे शिकायला आलो नसतो,” ते हुंदके देत म्हणाले, “तर तिचं खरं राहिलं असतं हो.”

बाईंनी त्यांना रडू दिलं. मग काकांनी चष्मा पुसला आणि लेकीच्या नावाखाली स्वतःच्या हातानं टाइप केलं की या माहितीवरून वाचनाचा फायदा होतो असं म्हणता येत नाही.

घरी काकू वाटच बघत होत्या. त्यांनी सगळ्या नात्यागोत्यात लेकीचा शोध सांगून ठेवला होता.

“तिचं खरं ठरलं ना?”

“लिहून झालं नीट.”

“ते नाही विचारलं मी.”

“नाही ठरलं,” काका म्हणाले.

काकूंनी भिंतीला हात टेकला.

“ती असती तर गप्प बसली नसती. पुन्हा करून बघितलं असतं तिनं.”

“हो,” काका म्हणाले. “या खेपेला जास्त वर्ग घेतले असते.”

काकूंनी दिवा लावला आणि त्या त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.