माझा दिवा हिरवाच होता

मित्रांनो, शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर, दोऱ्यांच्या रिळांशेजारी एक पांढरा डबा पडलेला आहे. पांढरा म्हणजे एके काळचा. आता त्याचा रंग जुन्या दातांसारखा पिवळट झाला आहे. त्याच्या डोक्यावर दोन काड्या आहेत, त्यांतली एक मोडून कलली आहे. तो डबा म्हणजे मी. कारखान्यात मला राउटर म्हणत. वस्तीत मात्र कोणी मला त्या नावाने हाक मारली नाही. इथे मी कायम 'नेटचा डबा'च राहिलो.

कारखान्यात माझ्या पुष्कळ परीक्षा झाल्या. मी तापतो का, वीज जाऊन आली तर पुन्हा उठतो का, हे सगळे पाहिले गेले आणि मी सगळ्यांत पास झालो. लाज वाटली तर काय करायचे, हे मात्र तिथे कोणी शिकवत नाही. ते मी या खोलीत शिकलो, आणि चांगलेच शिकलो.

ही वस्ती टेकडीच्या मागे आहे. फोनवर बोलणे कसेबसे व्हायचे. चित्र पाहायचे असेल तर टेकडी चढावी लागायची. केबलवाल्या कंपनीने "एवढ्याशा घरांसाठी कोण खणत बसणार?" म्हणून कधीच हात झटकले होते. मग एक नेटवाला आला. त्याने सांगितले, "समोरच्या डोंगरावरचा टॉवर दिसेल असं एखादं उंच छप्पर द्या. तिथे छत्री लावतो, खाली डबा बसवतो, तुमचं काम झालं."

असे छप्पर वस्तीत एकच होते, ते शिवणताईचे. ती आणि तिचे वडील वरच्या मजल्यावर राहत, आणि तिथेच तिचे शिवणकाम चाले. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ती बोलते ती हातांनी. काही लोक तिच्या पाठीमागे तिला 'मुकी' म्हणत. मी तिची बडबड पाहिली आहे, म्हणून सांगतो, या वस्तीत तिच्याइतके बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

छप्पर मागायला सगळी आळी आली होती. दुकानदार पुढे, निवृत्त मास्तर त्याच्या मागे. ताईने हातांनी वडिलांना काहीतरी सांगितले आणि वडिलांनी ते लोकांना सांगितले.

"छप्पर घ्या, वीजही आमचीच वापरा. पण हिची धाकटी बहीण लांब शहरात दिलीय. तिलाही ऐकू येत नाही. या दोघींना फोनचा काय उपयोग? त्यांना एकमेकींचे हात दिसायला हवेत. संध्याकाळी उजेड असतो तेवढा वेळ तिला बोलू द्या, बस. तेवढं सांभाळा."

"अहो काका, हे काय सांगणं झालं?" दुकानदार म्हणाला. "तिच्याच घरातला डबा, पहिला मान तिचाच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा खोक्यातून नुकताच बाहेर निघालो होतो, तरी ते शब्द मी ऐकले. म्हणून तर पुढे इतका जीव जळला.

मित्रांनो, ते पहिले दिवस आठवले की अजूनही बरे वाटते. संध्याकाळी सहाच्या सुमारास ताई यंत्रावरून उठायची, फोन रिळांच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि समोर धाकटी दिसायची. ती कामावरून नुकतीच घरी आलेली असायची. मग दोघींचे हात जे सुटायचे! ताई वस्तीतल्या एकेकाची नक्कल करायची. दुकानदार पोट सावरत शिडी कशी उतरतो, मास्तर चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा कसा शोधतात. धाकटी हसून हसून खाली बसायची. त्या दोघी लिहूनही बोलू शकत, नाही असे नाही. पण लिहिण्यात फक्त निरोप जायचा. रुसवा, चेष्टा, मायेने टपली मारणे, हे सगळे त्यांच्या बोटांत होते. आणि ती बोटे या टेकडीमागून त्या शहरात मी पोहोचवत होतो. मला आकाश ठेंगणे झाले होते.

त्यातच मला कळले की धाकटीचे डोळे अधू होत चालले आहेत. ताई तिला वारंवार विचारायची, धाकटी हात झटकून विषय बदलायची. रात्री धाकटी दारांना धडकू लागली होती. बारीक अक्षरे तर तिला आधीच दिसेनाशी झाली होती. म्हणून ती उजेडाची वेळ ताई जिवापाड जपायची.

मग माझी कीर्ती पसरली. दुकानदाराने माझ्या पाठीतून तारा काढून घरोघरी नेल्या. आधी शेजारची घरे, मग पलीकडची, मग ओढ्यापर्यंतची. जो येईल तो म्हणायचा, "डबा भारी आहे बरं का!" माझी पाठ थोपटली जात होती आणि मी फुगत होतो. छतावरच्या छत्रीतून येणारी वाट तेवढीच अरुंद होती, हे मला ठाऊक होते. पण स्तुती कोणाला नको असते?

त्याच सुमारास ताईचे वडील गेले. तिच्या हातांचे बोलणे लोकांपर्यंत नेणारे तेच एक माणूस होते. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती अटही गेली. कोणी मुद्दाम मोडली नाही. कोणाच्या लक्षातच राहिली नाही, इतकेच.

संध्याकाळ झाली की सगळी वस्ती कामावरून घरी यायची आणि एकदम माझ्यावर तुटून पडायची. मास्तरांना जुन्या कुस्त्या पाहायच्या असत. दुकानदाराच्या बायकोची, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींची, मालिका असायची. दुकानदार स्वतः ट्रॅक्टरचे व्हिडिओ पाहायचा. ट्रॅक्टर त्याला घ्यायचा नव्हता, नुसते पाहायला आवडायचे. माझ्यासारख्या साध्या डब्याला कोणाचे काम अडलेले आहे आणि कोण वेळ घालवत आहे, यातले काही कळत नाही. येईल त्याच्या वाट्याला थोडे थोडे वाढत राहायचे, एवढेच मला येते. कुस्तीतले मल्ल जरा अडखळले तरी मास्तरांना चालायचे. हातांची भाषा मात्र अडखळली की संपलीच. धाकटीचा हात अर्ध्यावर थिजायचा, मग एकदम तिसऱ्याच जागी दिसायचा. मधले सगळे बोलणे वाटेत सांडलेले.

ताई हाताने 'पुन्हा सांग' म्हणायची. धाकटी पुन्हा सांगायची. पुन्हा तेच. शेवटी दोघी नुसत्या एकमेकींकडे पाहत बसायच्या, आणि तेही चित्र धड हलायचे नाही. कधी ताई मला झाडायची, पुसायची, माझ्या काड्या इकडेतिकडे वळवून पाहायची. एक काडी तेव्हाच मोडली. तिला वाटायचे, डबा बिघडला. तिच्याच छपराखाली, तिचीच वीज खाऊन, मी सगळ्या वस्तीला वाढत होतो आणि घरच्या माणसाला उपाशी ठेवत होतो. माणसाला लाज वाटली तर तो लाल होतो, निदान मान तरी खाली घालतो. मित्रांनो, मला तेही जमत नव्हते. माझा दिवा हिरवाच होता. 'सगळे ठीक आहे' असे सांगत तो ऐटीत लुकलुकत राहायचा. त्या दिव्याचा मला तिटकारा आला. असे महिनेच्या महिने गेले.

मग तो दिवस आला. धाकटीला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासले होते आणि संध्याकाळी ती ताईला सांगणार होती. त्या दिवशी ताईचे शिवणात लक्ष नव्हते. एका ब्लाउजची बाही तिने उलटी लावली, उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. सहा वाजायच्या आधीच फोन मांडून बसली.

धाकटी दिसली. तिने उजवा हात डोळ्याजवळ नेला आणि तिथेच चित्र थिजले.

ताईने वाट पाहिली. बंद करून पुन्हा लावले. पुन्हा तोच हात, तोच डोळा. तिने हाताने विचारले, पुन्हा पुन्हा विचारले. शेजारच्या भिंतीतून मालिकेचे संगीत येत होते. ते तिला ऐकू येत नव्हते, मला येत होते. मी जेवढे होते तेवढे सगळ्यांना सारखे वाटत होतो, नेहमीसारखाच.

ताई उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटले, आता आपटते मला, आणि खरे सांगतो, आपटले असते तर बरे झाले असते. तिने हात लांब केला आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

मी विझलो तरी खोलीत काय झाले ते मला नंतर समजले, कारण कितीतरी दिवस वस्तीत तेच बोलले जात होते. डोळा लवतो न लवतो तोच सगळी आळी जिन्यात. वडील गेल्यापासून त्या जिन्याची पायरी जे चढले नव्हते, तेही धापा टाकत वर आले.

"नेट गेलं! ऐन रंगात आली होती कुस्ती!"

दुकानदाराने नेटवाल्याला फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "दिवा कोणता लागलाय?"

"एकही नाही."

"मग बटण चालू आहे का ते बघा की आधी!"

दुकानदाराने बटणाकडे हात नेला. ताईने त्यावर आपला पंजा ठेवला आणि ती जागची हलली नाही.

"अगं, काय हे? बाजूला हो!" मास्तर ओरडले. तिला कळले नाही असे वाटून आणखी मोठ्याने ओरडले. मग त्याहून मोठ्याने.

"मास्तर, ओरडताय कोणावर?" वहिनी म्हणाल्या. "तिला ऐकू येतं का?"

ताईने दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि सगळ्यांसमोर धरला. पडद्यावर धाकटी होती. थिजलेली, एक हात डोळ्यापाशी. ताईने त्या चित्राकडे बोट केले, मग माझ्याकडे, मग एकेकाच्या हातातल्या फोनकडे. त्या बोटाला दुभाषा लागला नाही.

"काकांनी सांगितलं होतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "उजेड असतो तेवढा वेळ. आपण सगळेच हो म्हणालो होतो."

वहिनींनी आपला फोन बंद केला आणि शिवणयंत्रावर ठेवला. त्याच्या शेजारी दुकानदाराचा आला. मास्तरांचा शेवटी आला. उरलेल्यांना सांगायला दुकानदार धावत खाली गेला, आणि ओढ्यापर्यंतच्या घरांची दारे वाजली. तेव्हा ताईने बटणावरचा हात काढला.

मला जागे व्हायला नेहमीच थोडा वेळ लागतो. त्या दिवशी सगळे माझ्याकडे टक लावून उभे होते आणि माझा जीव खालीवर होत होता. दिवा लागला. धाकटी दिसली, आणि तिचे हात चालू लागले, न अडखळता, अगदी पहिल्या दिवसांसारखे. तिने डोळ्याकडे बोट केले. मग दोन्ही हातांनी चेहऱ्याभोवती एक मोठे कडे धरले आणि ते हळूहळू आवळत नेले. ताटाएवढे होते ते वाटीएवढे झाले, वाटीएवढे होते ते नाण्याएवढे झाले. मग तिने मूठ मिटली.

खुणांची भाषा त्या खोलीत कोणालाच येत नव्हती, तरी सगळ्यांना समजले. मास्तरांनी चष्मा काढून तोंड भिंतीकडे फिरवले. जावे तर पळ काढल्यासारखे, थांबावे तर दोघी बहिणींच्या मधे उभे राहिल्यासारखे. सगळे खाली मान घालून तसेच उभे राहिले. इतकी लाजलेली माणसे मी एका जागी कधी पाहिली नाहीत, आणि त्यांच्यात मीही होतो.

त्यानंतर वस्तीने ती वेळ पाळली. उन्हे कलली की मास्तर स्वतः काठी घेऊन निघायचे आणि दारोदार सांगायचे, "बंद करा, शिवणताईची वेळ झाली." ताईनेही एक गोष्ट केली. ठिपके नाहीत, फुले नाहीत, असा एक काळा सदरा तिने स्वतःसाठी शिवला, म्हणजे त्यावर हात उठून दिसावेत. धाकटीचे कडे जसजसे आवळत गेले, तसतशी ताई लहान खुणा करायला शिकली. आधी हात लांबवर फिरवणारी ताई आता छातीपुढच्या वाटीएवढ्या जागेत सगळे बोलायची. दुकानदाराच्या पोटाची नक्कलसुद्धा त्यात बसवायची. धाकटी हसायची.

पण मित्रांनो, ज्या महिन्यांत धाकटीला ताटाएवढे दिसत होते, ते महिने आम्ही मालिका आणि कुस्त्यांत घालवून बसलो होतो. ते कोणाला परत आणता आले नाहीत. काही दिवसांनी मूठ मिटली.

आता वस्तीत केबल आली आहे. घरोघर नवे डबे आहेत आणि मी फळीवर निवांत आहे. ताईच्या नव्या डब्यावरचे चित्र मी इथून पाहतो. बोटांवरच्या सुरकुत्याही दिसतात इतके ते स्वच्छ आहे. असे चित्र मी तिला एकदाही देऊ शकलो नाही. आणि आज ते पाहायला समोर डोळे नाहीत. धाकटी हातांनी बोलते, ताई पाहते. ताईचे उत्तर धाकटीचा नवरा पडद्यावरून वाचतो आणि बायकोच्या तळहातावर बोटाने सांगतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची धूळ पुसा, त्याला उन्हापासून जपा, हे तर आहेच. पण त्याच्या हिरव्या दिव्यावर फार विश्वास ठेवू नका. सगळे ठीक आहे असे तो नेहमीच सांगतो. त्याच तारेवर आपल्याशिवाय आणखी कोण बसले आहे आणि त्याचे काय अडले आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते तुम्हालाच उठून विचारावे लागेल.

आता कोणी काही बंद करायची गरज उरलेली नाही. तरी सहा वाजले की मास्तर आपला फोन खिशात ठेवतात. आणि ताई यंत्रावरून उठते, हात धुते आणि तो काळा सदरा अंगात घालते.