जून काड्या

शिंपीदादांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोर बायकोची लालकाडी उभी होती आणि तिच्यात लाल म्हणून काही उरलं नव्हतं.

लालकाडी म्हणजे इथल्याच रानातलं झुडूप. बायकोनं ते खिडकीसमोर लावून वाढवलं होतं. वसंतात पांढरी फुलं, मग पाखरांसाठी फळं, आणि पानं झडली की ऐन थंडीत काड्या लालबुंद. हृदयाच्या ऑपरेशनला जाताना ती म्हणाली होती, "परत आले की तेवढं लाल दिसू दे मला. वाटेल, आहे मी अजून." मग दवाखान्यातून फोनवर सांगितलं, "जून काड्या तेवढ्या काढा." म्हणजे जुनाट, तपकिरी झालेल्या. शिंपीदादांना वाटलं, जून महिन्यात फुटलेल्या! आता या बुद्धीला काय म्हणावं? कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोवळ्या लाल काड्या तेवढ्या वेचून साफ केल्या आणि जुनी खोडं जपून ठेवली.

आणि आज ती घरी येणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसेल असं काही नको. शिंपीदादांची पाचावर धारण बसली. आपल्या कात्रीनं बायकोचा जीव जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी कापलेल्या काड्या उचलल्या आणि खोडं झाकतील अशा झुडपापुढं मातीत खोल खोचल्या.

ती आली, खिडकीत बसली. "छान दिसतंय," म्हणाली. पण चोराच्या मनात चांदणं! ती बाहेर बघू लागली की ह्यांच्या छातीत धडधड. वारा सुटला की बागेत धावायचे, एखादी काडी आडवी झाली तर? पाणीसुद्धा चोरून घालायचे. रोज वाटायचं, आज वाळतील, आज हिला कळेल, आज ही जाईल.

थंडी सरली. एके सकाळी ती कुणाचा हात न धरता बागेत उतरली. शिंपीदादा मागे धावले, "अगं, नको, थांब!"

तिनं वाकून एक काडी ओढून पाहिली. काडी निघेना, खाली मुळं फुटली होती. टोकाला दोन हिरवी पानं होती. सगळ्याच काड्यांना होती.

"अगं, मी... मला वाटलं, जूनमधल्या..."

"पहिल्याच दिवशी कळलं मला. टाके घातल्यासारखं सरळ रांगेत झुडूप उगवतं का कुठं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके घाबरला होतात. म्हटलं, ह्यांना धक्का नको."

शिंपीदादा मातीतच बसले आणि लहान पोरासारखे रडले.

"उठा," ती म्हणाली. "आणि ती कात्री इकडे द्या."