बिनवजीर

वाचनालयाच्या बुद्धिबळ संघात चौथ्या पटावर खेळणारी धाकटी एकाहत्तर वर्षांची होती. ‘धाकटी’ हे नाव तिला घरात चिकटलं ते चिकटलंच. थोरली बहीण, ताई, अजून तिच्यासोबत राहत होती, तेव्हा ते उतरणार तरी कसं?

संगणकावर मात्र तिनं ‘बिनवजीर’ असं नाव घेतलं होतं. पहिल्या दहा-बारा खेळ्यांतच ती वजिराला वजीर भिडवायची आणि दोन्ही पटावरून घालवायची. समोरच्याला वाटायचं, म्हातारी घाबरली. मग खरा डाव सुरू व्हायचा. तिचा राजा पिशवी घेऊन भाजीला निघाल्यासारखा सावकाश मधोमध यायचा, प्यादी एकमेकांच्या आधारानं सरकायची आणि तरणीताठी माणसं कंटाळून चूक करायची. धाकटी कंटाळत नसे. पस्तीस वर्षं शिवणकारखान्यात तिनं कापड बेतलं होतं. एकदा कात्री चालली की मागे येत नाही, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ग्रंथपालाचा फोन आला. ‘‘बाई, तुमच्या पटावर निदान बरोबरी हवी. नाहीतर आपला संघ खालच्या गटात जातो. आणि तुमच्यासमोर खेळणाऱ्या त्या पोरानं तुमचे सगळे डाव पाहिलेत. तो वजीर बदलूच देणार नाही.’’

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. ताई वाटाणे सोलत होती.

‘‘उद्या माझी फजिती आहे,’’ धाकटी म्हणाली. ‘‘पटावर वजीर असला की मला सुचतच नाही. सुचणार कसं? लहानपणी वजीर होतेच कुठे आपल्याकडे? दोन्ही मी हरवले आणि बाबांचा मार खाल्ला.’’

ताईनं एक शेंग फोडली, दाणे भांड्यात पडू दिले. ‘‘एकच चापटी होती ती.’’

‘‘तुला बरी आठवते.’’

‘‘आठवणारच. तू नव्हते हरवले. मी शेगडीत घातले.’’

धाकटी स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.

‘‘तुझा वजीर मेला की तू भोकाड पसरायचीस,’’ ताई म्हणाली. ‘‘जेवायची नाहीस. मग म्हटलं, मुळात वजीरच नको. त्या दिवशी पाणी तेवढं लवकर तापलं.’’

‘‘साठ वर्षं गप्प बसलीस?’’

‘‘आधी बाबांची भीती होती. नंतर तू जिंकायला लागलीस. मग कशाला सांगू?’’

दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या संगणकावर डाव सुरू झाला. पोरगा खरंच पाठ करून आला होता. धाकटीनं वजीर पुढे केला की तो आपला बाजूला काढायचा. तीनदा झालं. पंधराव्या खेळीला तिचं एक प्यादं गेलं, घड्याळात त्याच्यापेक्षा चार मिनिटं कमी उरली. तिनं हात मांडीवर ठेवले. तो वजीर वाचवत होता, कारण त्याच्या लेखी त्याहून मोठं काही नव्हतं. तिच्या लेखी? ती तर वजिराशिवायच वाढली होती.

तिनं आपला वजीर देऊन टाकला आणि बदल्यात एक हत्ती नि एक घोडा घेतला.

बाकीची मोहरी मारामारीत संपली. मग त्याचा वजीर शह देत पटभर धावू लागला. धाकटीनं राजा प्याद्यांच्या आड बसवला, हत्ती पुढे उभा केला, घोडा शेजारी. फट म्हणून ठेवली नाही. वजीर इकडून आला, तिकडून आला. तीच मांडणी तिसऱ्यांदा झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: बरोबरी.

ग्रंथपालाचा फोन लगेच वाजला. तिनं तो तसाच वाजू दिला. पडद्याच्या कोपऱ्यात पोरानं लिहिलं होतं, ‘‘आजी, वजीर असा सोडून द्यायला कुणी शिकवलं?’’

ताई खोलीच्या दारात उभी होती. तिला खेळातलं आता फारसं कळत नव्हतं, पण धाकटी रडते आहे की नाही हे मात्र ती चष्म्याशिवायही पाहत असे.

‘‘हरलीस का गं?’’

‘‘नाही. ये, बस.’’ धाकटीनं स्वतःची खुर्ची तिला दिली आणि उभ्यानंच एकेक अक्षर शोधून टाइप केलं, ‘माझ्या ताईनं.’

ताईनं डोळे बारीक करून वाचलं. ‘‘शेगडीचं नको हं लिहूस.’’

‘‘ते आपल्यातच राहू दे,’’ धाकटी म्हणाली आणि तिनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला.