डॉक्टरअम्मांची लाल गाडी

रघुराम पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होता आणि आजवर त्यानं घरात आणलेली प्रत्येक वस्तू मजबूत होती. सायकल मजबूत, लोखंडी कपाट मजबूत, छत्री तर इतकी मजबूत की ती उघडायला दोन माणसं लागत. त्यामुळे गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा नवरा रणगाडाच शोधणार, अशी वसुमतीची खात्री होती.

झालं भलतंच.

"वसु, गाडी देखणी पाहिजे," तो रात्रीचा दहीभात कालवता कालवता म्हणाला. "आपण उतरलो की चार माणसांनी वळून बघितलं पाहिजे."

वसुमती बघतच राहिली. ती मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन तिनं लायसन्स काढलं होतं. रघुरामला गाडी चालवता येत नव्हती, शिकायचीही नव्हती. म्हणजे चालवायची तिनं, आणि वळून बघायचं लोकांनी.

"अहो, जुनी गाडी घ्यायची आपण. आधी ती सकाळी चालू होते का ते बघू."

"चालू तर होईलच गं. पण जन्मभर मी टिकाऊ तेवढंच घेत आलो. एकदा तरी नुसतं बघत राहावं असं काही दारात असू दे की."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला की वसुमतीनं त्याच्या पानात आणखी दही वाढलं. त्या वर्षी तंजावूरच्या रस्त्यांवर दर महिन्याला नवी नवी गाडी दिसायला लागली होती. मद्रासहून कुणाचा भाचा यायचा, कुणाचा जावई यायचा, आणि राजवाड्यामागच्या त्यांच्या अरुंद गल्लीत चकचकीत गाडी उभी करून सगळ्यांची वाट अडवायचा. रघुराम ओट्यावरून बघत बसायचा. तो हेवा करत नाही, असंच तिला इतके दिवस वाटत आलं होतं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. आयुधपूजेला गाडीला हळदकुंकू लावायचंच, असं दोघांनी ठरवलं आणि सांबशिवला निरोप धाडला. सांबशिव हा रघुरामचा लांबचा चुलतभाऊ. जमिनी, घरं, म्हशी आणि गाड्या, काहीही विकून द्यायचा.

"वैनी, मी तुम्हाला अशी गाडी दाखवतो," तो म्हणाला, "की तुम्ही कॉलेज विसराल."

ती गाडी एका जुन्या मिरासदारांच्या शेडमध्ये होती. विलायती, लांबलचक, सायीच्या रंगाची. आत तांबडं मखमल. रघुराम मागच्या सीटवर बसला, त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"इंजिन?" वसुमतीनं विचारलं.

"इंजिन आहे," सांबशिव म्हणाला.

शेडमधून ती ढकलून बाहेर काढावी लागली, पण एकदा सुरू झाल्यावर मात्र हत्तीसारखी डौलात निघाली. वसुमती चालवत होती, सांबशिव शेजारी, आणि रघुराम मागे खिडकीवर हात टाकून. ईस्ट मेन स्ट्रीटवर लोक खरोखर वळून बघत होते. रघुरामनं दोघातिघांना हातही केला. आणि ऐन बाजारात, फुलवाल्यांच्या रांगेसमोर, गाडीनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि ती थांबली. मागे टाउन बस, तिच्या मागे ऑटो, सगळ्यांचे भोंगे. फुलवाले, दोन पोलीस आणि रघुरामच्या ऑफिसातले तिघं असे सगळे मिळून गाडी ढकलत शेडपर्यंत घेऊन गेले. रघुरामही धोतरासारखी वेष्टी वर खोचून ढकलत होता. घामानं निथळत तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "वसु, पण ढकलतानाही किती छान दिसते गं!"

ती इतकी हसली की स्टीअरिंगवर डोकं टेकून बसली.

दुसरी गाडी तिच्या मनासारखी होती. इंजिन घड्याळासारखं चालत होतं, टायर नवे, मालक सज्जन. पण मालकानं तिला घराच्या उरलेल्या रंगातून ब्रशनं रंगवलेलं होतं. हळदीसारखा पिवळा रंग, त्यावर ब्रशचे फराटे. रघुरामनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "घे. तुला पसंत आहे ना? घे." त्याचा चेहरा बघून वसुमतीनं सांबशिवला सांगितलं, "आणखी एखादी बघू."

"एक आहे," सांबशिव जरा नाराजीनंच म्हणाला. "पण म्हातारी देत नाही. तिघांना परत पाठवलंय."

म्हातारी म्हणजे डॉक्टर चंद्रमती. तिरुवैयारूच्या अलीकडे, कालव्याकाठच्या एका गावात त्यांचं घर होतं. त्याही यांच्यासारख्याच, तंजावूरच्या मराठी बोलणाऱ्या. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. रविवारी सकाळी तिघं बसनं गेले. अंगणात पुन्नैच्या झाडाखाली लाल मारुती उभी होती. सात-आठ वर्षांची असेल, पण डाळिंबाच्या दाण्यासारखी चमकत होती. आत पांढरीशुभ्र कव्हरं, काचेवर धुळीचा कण नाही.

वसुमतीनं नवऱ्याकडे चोरून बघितलं. रघुरामचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"लहान आहे," ती हळूच म्हणाली.

"लवंग पण लहानच असते," तो गाडीवरची नजर न काढता म्हणाला.

डॉक्टरअम्मा बाहेर आल्या. उंच, ताठ, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी रघुरामला विचारलं, "गाडी कोण चालवणार?"

"ही," तो म्हणाला.

"ड्रायव्हर ठेवणार नाही?"

"नाही, अक्का," वसुमती म्हणाली. "मी कॉलेजला नेणार, रोज."

"तिघं आले होते. एकाला ती मुलीच्या लग्नात द्यायची होती, दुसऱ्याला शेडमध्ये ठेवायची होती, तिसऱ्यानं बॉनेट न उघडता भाव पाडला." त्यांनी किल्ली काढून वसुमतीच्या हातात ठेवली. "डोळ्यांनी साथ सोडली म्हणून विकतेय. नाहीतर विकली नसती. चल, फिरवून आण. मी मागे बसते."

सांबशिव अंगणातच थांबला. रघुराम पुढे बसला. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली, इतक्या सहज की वसुमतीनं चमकून डॉक्टरअम्मांकडे पाहिलं. कालव्याच्या बांधावरून रस्ता जात होता. एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल शेतं. कुरुवै भाताची कापणी झालेली आणि धसकटांत बदकांचे कळप. गाडी हलकी, स्टीअरिंग हलकं. वसुमती गुणगुणायला लागली.

आणि समोरून बस आली.

बांध एका गाडीपुरता. बस भरलेली, टपावर केळीचे घड. बसवाल्यानं भोंगा वाजवला आणि हातानं खूण केली: मागे घ्या.

वसुमतीनं ब्रेक दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात ती रिव्हर्स शिकली होती, पण तिथे बाजूला कालवा नव्हता. मागे कालव्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, बराच दूर राहिला होता. तिथेच रस्ता रुंद होता. तिनं आरशात बघितलं. डॉक्टरअम्मा छत्रीच्या मुठीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या. मदतीचं नाव नाही.

रघुराम टुणकन उतरला. "मी सांगतो! ये, ये, उजवीकडे!" असं ओरडत त्यानं डावा हात हलवला. तेवढ्यात बसमधले लोकही उतरले आणि तमिळमध्ये एकाच वेळी दहा जण सूचना द्यायला लागले. एक म्हातारा 'सोडा, मी चालवतो' म्हणत दारापर्यंत आला.

वसुमतीनं काच खाली केली. वर्गात मागच्या बाकावर गडबड झाली की जो आवाज लावायची, तोच लावला. "सगळे गप्प! अहो, तुम्हीसुद्धा. जा, बसजवळ उभे राहा."

सगळे गप्प झाले. तिनं मान वळवून मागच्या काचेतून बघितलं, आणि हळूहळू, पाण्याच्या कडेला चाक न जाऊ देता, गाडी मागे घेत नेली. एकदा चाक गवतावर घसरलं, तिनं थांबून श्वास घेतला, पुढे घेतली आणि पुन्हा मागे. मोरीवर पोचली तेव्हा तिचा पदर घामानं ओला झाला होता. बस शेजारून गेली, ड्रायव्हरनं कपाळाला हात लावून सलाम केला आणि खिडक्यांमधून टाळ्या पडल्या.

"क्लचवर पाय जरा कमी दाब," डॉक्टरअम्मा मागून म्हणाल्या. "बाकी ठीक. शुक्रवारी चांगला मुहूर्त आहे, येऊन घेऊन जा."

रघुराम धावत धावत आला, धापा टाकत आत बसला आणि बायकोकडे असा बघायला लागला जसा त्या लाल गाडीकडे बघितलं होतं.

"समोर बघा," ती म्हणाली. तिला लाज वाटली.

शुक्रवारी डॉक्टरअम्मांनी पानसुपारी दिली, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि कुणी काही बोलायच्या आत घरात निघून गेल्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तंजावूरकडे डावीकडे वळायचं होतं. वसुमतीनं उजवीकडे वळवली.

"अगं, घर तिकडे!"

"आधी तिरुवैयारूला अशोका हलवा खाऊ. नंतर घर."

दुकानासमोर गाडी लावून दोघं आतच बसले, केळीच्या पानावरचा गरम हलवा खात. दुकानातली दोन माणसं वळून बघत होती. रघुरामनं ते पाहिलंच नाही. तुपानं माखलेली बोटं कुठे पुसावी, या विवंचनेत तो होता.

"कव्हराला हात लावलात तर चालत घरी याल," वसुमती म्हणाली, आणि तिनं त्याच्या पानातला शेवटचा घास उचलला.