सात नंबरची टेप

शाळेच्या कार्यशाळेत सुतारकाम आणि आरेखन शिकवणारे सर नाकावर माशी बसू देत नसत. नववीच्या मुलांना त्यांचा एक नियम पहिल्याच आठवड्यात पाठ व्हायचा. आराखड्यात रेघ चुकली तर खोडायची नाही. ती तशीच ठेवायची, शेजारी बरोबर रेघ मारायची आणि खाली चूक का झाली त्याचं कारण लिहायचं. एका पठ्ठ्याने 'डुलकी लागली' असं लिहिलं होतं, तर सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

यंदा सात नंबरच्या टेबलावर एक उंच, अबोल मुलगी होती. वर्ग तिला फूटपट्टी म्हणायचा. छोट्या कपाटाला खण बसवायचा होता, आणि तिचा खण ढिला झाला. कपाटात घालून हलवला की खडखडायचा. तिने दुसरा केला, तोही ढिला. तिसऱ्यांदा फळ्या कापल्या तेव्हा ती डोळ्यांत तेल घालून मापं घेत होती, आणि तरी खण खडखडलाच.

"लक्ष कुठे असतं तुझं?" सर सगळ्यांदेखत म्हणाले. तिने तिसरा खण उचलून कोपऱ्यात ठेवला, त्याचा त्यांना आणखी राग आला. प्रगतिपुस्तकात त्यांनी शाईने शेरा मारला: निष्काळजी. तिची आई भेटायला आली तेव्हा तिलाही त्यांनी स्पष्टच सांगितलं, "हा विषय तिने सोडलेला बरा. या कामाचा हात नाही तिचा." आई शिवणकाम करणारी. तिने लेकीच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. विषय बदलण्याचा अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सर हत्यारं मोजून जागेवर ठेवत होते. सात नंबरच्या टेबलाची मोजायची टेप उचलताना सवयीने त्यांचा अंगठा टोकाच्या आकडीवर गेला. आकडी हलली नाही.

ती हलायलाच हवी. आकडीच्या पत्र्याची जी जाडी, तेवढीच ती मागेपुढे सरकते, म्हणून आतलं माप घ्या की बाहेरचं, दोन्ही बरोबर येतात. इथे कुणीतरी रिव्हेट ठोकून ती पक्की केली होती. कामही किती निगुतीने केलेलं! खाली कापड धरून ठोकलं असणार, कारण रंगावर ओरखडाही नव्हता.

सर स्टुलावर बसले. तिचे तिन्ही खण अजून कोपऱ्यात पडले होते. त्यांनी ते स्वतःच्या टेपने मोजले. तिन्ही एक मिलिमीटर कमी, आकडीच्या पत्र्याएवढेच, अगदी सारखे. निष्काळजी माणूस दर वेळी वेगळं चुकतो, हे त्यांना कळायला नको होतं? आणि आकडी सैल का असते, हे आपण वर्गात कधी सांगितलं? त्यांनी आठवून पाहिलं. तीस वर्षांत एकदाही नाही. त्यांच्या हाताला ते माहीत होतं, म्हणून जगाला माहीत आहे असं ते धरून चालले होते. आजवर आणखी किती जणांना आपण या दारातून परत पाठवलं असेल?

ते तडक तिच्या घरी गेले. बाहेरच्याच खोलीत आई मशीनवर होती, मुलगी खाली बसून काजं करत होती. सरांना पाहून दोघी उठल्या.

"ही तू ठोकलीस?" त्यांनी टेप पुढे केली.

तिचा चेहरा उतरला. "सैल झाली होती, सर. मापं चुकतील म्हणून नीट केली."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, तूच मोडलीस."

सर तसंच म्हणाले असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग उभ्या उभ्याच त्यांनी आकडीचं सगळं समजावून सांगितलं. मुलगी कान देऊन ऐकत होती. आईने मशीन थांबवलं होतं.

"चूक माझी आहे, ताई," ते आईला म्हणाले. "वर्गातल्या हत्याराची काळजी एकट्या हिनेच घेतली, आणि मी तिलाच निष्काळजी ठरवलं. अर्ज दिलात का?"

"उद्या देणार होती," आई म्हणाली. "सही झालीय."

"देऊ नका. आणि ते प्रगतिपुस्तक आणा, शेरा खोडतो."

मुलगी आत जाऊन पुस्तक घेऊन आली. सरांनी खिशातून पेन काढलं आणि त्या शब्दावर टेकवलं. तेवढ्यात तिने पानावर हात ठेवला. आज पहिल्यांदाच ती त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलली.

"खोडायचं नाही, सर. खाली कारण लिहा."

सर तिथेच शिवणाच्या टेबलापाशी बसले. कारण दोन ओळींचं होतं, आणि खाली त्यांनी सही केली.