किडेमास्तरांच्या पेट्या

तिच्या वडिलांवरच्या दालनाचं उद्घाटन रविवारी होतं. ती गुरुवारीच रजा टाकून संग्रहालयात गेली, कारण वडिलांच्या तारखा आणि आकडे कुणीतरी चुकवणार याची तिला खात्री होती. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढलेल्या बाईचा दुसऱ्याने लावलेल्या चिठ्ठ्यांवर विश्वास नसतो.

आकडे चुकले नव्हते, कारण आकडे नव्हतेच. आत शिरल्याबरोबर भिंतभर बाबांचा फोटो होता, आणि बाबांच्या खांद्यावर एक निळंशार फुलपाखरू बसवलेलं होतं. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'फुलपाखरांचा सखा'.

बाबांनी जन्मात टोपी घातली नव्हती. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ मेलेल्या जनावरांवर येणारे किडे मोजायचे. घरामागे जाळी ठोकलेलं एक खोकं होतं. त्यात कधी उंदीर, कधी घूस, कधी चिमणी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ समोर स्टूल टाकून बसायचं. पहिल्या दिवशी कोण आलं, चौथ्या दिवशी कोण, कातडं वाळल्यावर कोण, हे लिहायचं. अशा एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. शिवाय चौसष्ट पेट्या, प्रत्येक भुंगा टाचणीवर, आणि टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी. आळीतले लोक त्यांना किडेमास्तर म्हणायचे आणि घरावरून जाताना नाक दाबायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. "हे किडे नसते ना, तर तुम्हाला चालायला रस्ता उरला नसता," असं ते ज्याला त्याला सांगायचे, समोरचा जेवत असला तरी.

ते गेल्यावर वह्या आणि पेट्या तिनेच संग्रहालयाला देऊन टाकल्या होत्या. त्याला दोन वर्षं झाली.

संचालक बाबांच्याच हाताखाली शिकलेला. बोलणं असं गुळगुळीत, की कुठे बोट ठेवावं तेच कळू नये.

"कसं वाटलं, ताई?"

"पेट्या कुठायत?"

"पेट्या सुरक्षित आहेत. ही फुलपाखरं आपण बाहेरून मागवली. रंग बघा ना."

"बाबांनी एकही फुलपाखरू धरलं नव्हतं."

"ताई, इथे शाळांच्या सहली येतात. पोरं डबे खाऊन येतात. त्यांना काय मढ्यावरच्या अळ्या दाखवायच्या?"

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. भांडार सांभाळणाऱ्या बाईंना घेऊन खाली गेली. निवृत्तीला टेकलेल्या बाई जिना उतरतानाच म्हणाल्या, "मी तीनदा लिहून दिलं होतं, डांबरगोळ्या द्या म्हणून. आता बघाल तेव्हा मला बोलू नका."

भांडार स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून होतं, आणि भिंतीतून जाणारा पाइप गळत होता. पेट्या जमिनीवर एकावर एक रचलेल्या. पहिल्या पेटीचं झाकण चिकटलं होतं. जोर लावून उघडलं तेव्हा ओल्या बुटांचा आणि जुन्या पिठाचा वास एकदम तोंडावर आला. टाचण्या सरळ रांगेत उभ्या होत्या. चिठ्ठ्याही जागच्या जागी होत्या. भुंगे मात्र गेले होते. तळाशी तपकिरी भुकटीचा थर होता, आणि तो थर हलत होता. नीट पाहिलं तर त्यात केसाळ अळ्या होत्या. एक तिच्या अंगठ्यावर चढली.

दिवसभर परक्या लोकांच्या शौचाच्या डब्या उघडणारी ती, पण तिने हात असा झटकला की पेटी खाली पडली. बेसिनशी जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि तिथेच दोनदा ओकली. मेलेल्यांवर जगणारे किडे, आणि ते मेल्यावर त्यांना खाणारे दुसरे किडे. बाबांना यात गंमत वाटली असती. तिला नाही वाटली. तिने तोंड पुसलं आणि दुसरी पेटी उघडली, मग तिसरी.

वर येऊन तिने संचालकाला काय काय ऐकवलं ते खालच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं. संचालकाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग खणातून एक फाइल काढली आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण तिच्यासमोर सरकवलं.

"आम्ही मनचं काही लिहिलं नाही, ताई."

बाबा गेल्याची बातमी होती. 'त्यांनी आयुष्यभर फुलपाखरांचा अभ्यास केला, असे त्यांच्या कन्येने सांगितले.'

तिला तो फोन आठवला. घर माणसांनी भरलेलं, शेजारी सासू बसलेली. वार्ताहराने विचारलं, "कसला अभ्यास करायचे ते?" खरं उत्तर जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. तेव्हा काही पहिल्यांदाच गिळलं असंही नाही. शाळेत मैत्रिणींनाही फुलपाखरंच सांगितली होती. लग्न ठरताना सासरच्यांनाही हेच, आणि तेही बाबांच्या देखत. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "हो, फुलपाखरं सुंदर असतात." त्या दिवशी जेवताना ते कुणाला काहीच सांगत बसले नव्हते.

संचालकाकडे बघून जी शिसारी येत होती, ती आता कुठे वळवावी तेच तिला कळेना. बाबांच्या डोक्यावर टोपी त्याने चढवली होती. फुलपाखरू तिनेच बसवलं होतं.

"पेट्या आणि वह्या मला परत द्या," ती म्हणाली.

संचालकाने लगेच सही केली. त्यालाही ती ब्याद नकोच होती.

अळ्या मारायच्या तर पेट्या गोठवायला लागतात, एवढं तिला बाबांकडून माहीत होतं. त्याच संध्याकाळी तिने चार पेट्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबल्या. सकाळी सासूने फ्रिजचं दार उघडलं.

"हे काय आहे?"

"बाबांचे किडे."

"फुलपाखरं म्हण की."

"फुलपाखरं नव्हतीच, आई. बाबा मेलेल्या उंदीर-घुशींवरचे किडे जमवायचे. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

सासूने दार लावलं, साबणाने दोनदा हात धुतले आणि मग विचारलं, "लाज वाटायची का सांगायची?"

"किळस यायची. अजूनही येते."

"मग कशाला हा उपद्व्याप?"

"आयुष्यभर त्यांनी तेच केलं. दुसरं काय सांगू त्यांच्याबद्दल?"

"दूध खालच्या कप्प्यात ठेव," सासू शेवटी म्हणाली. "आणि पाहुण्यांसमोर तो फ्रिज उघडू नकोस."

शनिवारी तिने संचालकाला फोन करून फोटो उतरवायला सांगितला. तो म्हणाला, फ्लेक्स छापून झालाय, निमंत्रणं गेलीत. ती म्हणाली, मग मी रविवारी तिथे येऊन माइकवरून सगळं सांगते, उंदरापासून सुरुवात करून. रविवारी दालन उघडलं ते नुसतं फुलपाखरांचं दालन म्हणून. ती गेली नाही. वर्तमानपत्राला तिने पत्र पाठवलं होतं. महिन्याभराने त्याच्या तीन ओळी छापून आल्या, त्यात बाबांचं आडनाव चुकलेलं.

चार-चार करत सगळ्या पेट्या गोठवून झाल्या, तेव्हा चौसष्टपैकी बावीस वाचल्या. रोज कामावरून आल्यावर ती मास्क लावून बसायची, ब्रशने भुकटी झाडायची आणि मेलेल्या अळ्या चिमट्याने एकेक उचलून बाटलीत टाकायची. सवय होईल असं तिला वाटलं होतं. झाली नाही. तासाभरात मळमळायला लागायचं, मग ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि परत येऊन बसायची.

वह्यांना मात्र ओल लागली नव्हती. एके दिवशी तिने पहिल्या दोन प्रयोगशाळेत नेल्या आणि चहाच्या सुट्टीत तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांसमोर ठेवल्या. "माझे वडील मढ्यावरचे किडे मोजायचे," ती म्हणाली. हे वाक्य ती घराबाहेर पहिल्यांदाच बोलत होती. डॉक्टरांनी पहिली वही उघडली. घुशीच्या सहाव्या दिवसाचं चित्र समोर आलं, बाबांनी रंगवलेलं, जिथल्या तिथे सगळं दाखवलेलं. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं आणि बिस्किटांची बशी लांब सरकवली.

"भयंकर आहे हे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

ते पानं उलटत राहिले. चहा निवला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पहिली वही संपली तेव्हा त्यांनी वर न बघता दुसरीसाठी हात पुढे केला.