मी गहाळ झाले नव्हते

मी शिलाई मशीन बोलतेय. पायानं चालवायची, काळी, जड, चार लोखंडी पायांची. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात बोलतेय. गोड बोलण्यासारखं माझ्याकडे जे काही होतं, ते मला हातगाडीवरून नेताना रस्त्यात कुठंतरी सांडलं.

जन्म कारखान्यातला. त्याबद्दल मोठमोठं सांगायची आम्हा मशिनींना खोडच असते. दुकानात माझ्या शेजारी उभी होती ती तर सांगायची की तिच्या आजीवर राजाचा अंगरखा शिवला गेला होता. माझ्यावर काय शिवलं गेलं? उशांचे अभ्रे, पडदे, शाळेचे गणवेश आणि एकदा एका फार लठ्ठ माणसाची विजार. ती शिवून झाल्यावर आम्हाला कळेना, की घडी करून द्यायची की खुंट्या ठोकून तंबू उभारायचा. हे खरं आहे. पुढचंही खरंच आहे, पण ते तुम्हाला पटणार नाही, कारण ते पोलीस चौकीतलं आहे.

मला घरी आणलं सासूबाईंनी. तेव्हा त्या कुणाच्या सासूबाई नव्हत्या. नवरा लवकर गेलेली, पदरी लहान मुलगा असलेली एक तरणीताठी बाई होती. मुलाला त्यांनी माझ्यावर वाढवलं. पुढं गुडघे गेले, कानांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी मला सुनेच्या हवाली केलं आणि म्हणाल्या, "तुला मुलगा दिला ना, तेव्हासुद्धा इतकं जड गेलं नव्हतं."

सून कमी बोलायची. तोंडात कायम टाचण्या, नाहीतर तोडलेला दोरा. बोलायचं काम सासूबाईंकडे, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या बोलल्या की सगळी गल्ली जागी व्हायची.

चोरी झाली ती भर दुपारी. सून बटणं आणायला बाजारात गेली होती, सासूबाई आत झोपल्या होत्या. दोन माणसं हातगाडी घेऊन आली. समोर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. त्यांनी विचारलं, "कुठं नेताय?" "दुरुस्तीला, काका." झालं! घड्याळजी उठले आणि त्यांनी दार धरलं. वर सूचना दिल्या, "जपून रे, उंबऱ्याला आपटेल." माझ्याखाली घालायला स्वतःच्या दुकानातलं पोतंही दिलं. मी चाक करकरवून ओरडले. चोरांपैकी एक म्हणाला, "तेल मागतेय."

मला विकलं भंगारवाल्याला. आणि भंगारवाल्याचं दुकान कुठं? पोलीस चौकीच्या बरोबर समोर! मधे फक्त रस्ता. भंगारवाला मुळीच मूर्ख नव्हता. त्याला पुरतं ठाऊक होतं, की पोलिसांची नजर फार लांबवर असते, समोरचं तिला दिसत नाही. त्यानं मला चहाच्या टपरीला लागून, एका मोडक्या कपाटाच्या आडोशाला, उन्हात उभं केलं.

तिथून चौकीची खिडकी दिसायची. खिडकीतलं टेबल दिसायचं. आणि टेबलामागचा हवालदार दिसायचा. कोणतीही तक्रार आली की तो म्हणायचा, "होऊन जाईल." म्हणून लोकांनी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं होतं. आडनाव वगैरे सरकारी कागदावर असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या दोघी आल्या. सासूबाईंचा आवाज रस्ता ओलांडून थेट माझ्या चाकाला लागला.

"काय हरवलं?" होऊनजाईलनं विचारलं.

"हरवलं काही नाही. चोरी झालीय. शिलाई मशीन."

"म्हणजे मशीन सापडत नाही."

"सापडत नाही नव्हे, चोरलीय!"

"चोरताना बघितलंत?"

"झोपले होते मी."

"मग? झोपलेल्या माणसाला चोरी कशी दिसेल? गहाळ म्हणा. गहाळ लिहितो, होऊन जाईल."

"अहो, किल्ली गहाळ होते, चष्मा गहाळ होतो," सासूबाई कडाडल्या. "आमचे हेसुद्धा कधीकधी संध्याकाळचे गहाळ व्हायचे. पण दोन गड्यांना उचलताना घाम फुटेल अशी मशीन गहाळ कशी होईल?"

"वय झालं की कुठं ठेवलं ते आठवत नाही, आजी."

"मी काय तिला पिशवीत घालून फिरत होते?"

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "समोरच्या घड्याळजींनी पाहिलंय त्यांना. दुरुस्तीला नेतायत समजून दार धरलं, पोतंही दिलं."

होऊनजाईलनं पेन खाली ठेवलं. "पाहिलंय? आणि दार धरलं, पोतं दिलं म्हणता? मग आधी त्यांनाच आत घ्यावं लागेल. घेऊ का, सांगा."

सून गप्प झाली. इतकी वर्षं तिच्या तोंडात टाचण्या असायच्या म्हणून ती गप्प असायची. त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, भीती होती. तिनं दाखवतील तिथं सही केली. मी गहाळ झाले.

मला सांगा, या पायांनी मी आजवर एक पाऊल टाकलेलं नाही. घरात झाडू मारायचा असला तर मला दोघांनी मिळून सरकवायला लागायचं. आणि सरकारच्या म्हणण्याप्रमाणे मी भर दुपारी उठले, दार उघडलं, उंबरा ओलांडला आणि फिरायला गेले!

बरं, मी एकटीच असते तर गोष्ट वेगळी. आमच्याच गल्लीत खानावळवालीची शेगडी गहाळ झाली होती. वाण्याचा पाण्याचा पंप नळीसकट गहाळ झाला होता. पोस्टमनची सायकल कुलूप तोडून गहाळ झाली होती. कुलूपसुद्धा तिनंच तोडलं असणार! चौकीच्या दारावर पाटी होती: 'या हद्दीत चोऱ्या घटल्या.' घटतील नाहीतर काय? सगळ्या वस्तू आपल्या आपण पळून गेल्यावर चोरांना काम उरतंय कुठं?

यामागचं गुपित मला टपरीवरच कळलं. होऊनजाईल चहा प्यायला यायचा. ग्लास ठेवायला जागा लागते, तर तो ठेवायचा कुठं? माझ्यावर! माझ्या पाठीवर गरम ग्लास टेकवून तो चहावाल्याला सांगायचा, "चोरी लिहिली की शोधावी लागते. सापडली नाही की साहेबांना वर उत्तर द्यावं लागतं. गहाळ लिहिलं की कुणाला काही विचारता येत नाही."

सून अधूनमधून चौकीत यायची. शाळा उघडायची वेळ झाली होती आणि गणवेशांचं काम तिच्याकडे होतं. ती हातानं शिवत होती; बोटांना चिंध्या बांधलेल्या मला लांबूनही दिसायच्या. शाळेनं निरोप धाडला होता, होत नसेल तर कापड परत करा, दुसरीकडे देतो. पुढच्या वर्षीही मग तिकडेच जाणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"शोध चालू आहे, ताई," होऊनजाईल तिला सांगायचा. ती मान खाली घालून निघून जायची. मग तो रस्ता ओलांडून यायचा आणि माझ्यावर ग्लास ठेवायचा. मला हात असते ना, तर त्याची बाही त्याच्याच पाठीला शिवून टाकली असती.

शेवटी मला शोधलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांनी. एकदा त्या सुनेबरोबर आल्या आणि परत जाताना म्हणाल्या, "आता एक पाऊल नाही टाकवत, चहा पाज." रस्ता ओलांडून टपरीवर आल्या. बसताना आधार हवा म्हणून त्यांनी हात टेकला, तो माझ्यावर. हात तसाच राहिला. मग माझ्या चाकावरून फिरला.

"अगं ए," त्या ओरडल्या, "इकडे ये! ही बघ तुझी गहाळ झालेली, इथं ऊन खात बसलीय!"

आणि माझ्यावर अर्धा प्यालेला ग्लास होता. ग्लासाशेजारी होऊनजाईल उभा होता.

मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेनं जमिनीत जाईल. छे! तो हसला. "सापडली ना? म्हटलं नव्हतं, होऊन जाईल?"

भंगारवाला पुढं आला. "रस्त्यात पडलेली दिसली, साहेब. म्हटलं, कुणाची तरी असेल, सांभाळून ठेवू."

"रस्त्यात पडलेली!" सासूबाई म्हणाल्या. "काय रे, आभाळातून पडली का?"

मला उचलून चौकीत नेलं. आता मोठे साहेब बाहेर आले. भला माणूस वाटावा असा चेहरा, आवाज लोण्यासारखा. बातमी पोचली तशी खिडकीबाहेर आमच्या गल्लीची गर्दी जमली होती. साहेबांनी सुनेला खुर्ची दिली. "ताई, सोपं आहे. 'गहाळ वस्तू मिळाली' यावर सही करा आणि आत्ताच्या आत्ता मशीन घरी न्या. चोरीच लिहा म्हणालात, तर मात्र ही पुरावा होते. कोर्ट सांगेल तोवर इथून हलणार नाही. कधी सांगेल, ते मलाही माहीत नाही."

खोटं कशाला बोलू? मी मनात म्हणत होते, बाई, कर सही! मला घरी ने. तेल घाल. गणवेश शिवू दोघी मिळून, मग बघू काय ते.

नेहमी गरजणाऱ्या सासूबाईसुद्धा थकल्या होत्या. "कर गं सही," त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"चोरी लिहा," ती म्हणाली.

"ताई, विचार करा. नुकसान तुमचंच."

"हरवली म्हणजे चूक माझी होते, साहेब. मी ही वस्तू हरवण्यासारखी कधी सांभाळलीच नाही. मागच्या वेळी मी भिऊन सही केली. आता चोरी लिहा."

"लिहितो, पण मग त्या घड्याळजीलाही..."

"घ्या ना मला आत!" खिडकीबाहेरच्या गर्दीतून घड्याळजींचा आवाज आला. "मीच दार धरलं. दोघांची तोंडं पाहिलीत मी. केव्हापासून झोप नाही मला. लिहा माझं!"

त्यांच्या मागून खानावळवाली म्हणाली, "आणि माझ्या शेगडीचं काय हो? ती पण खाली उतरून चालत गेली का?"

गर्दी हसली. साहेब हसले नाहीत. भरल्या खिडकीसमोर त्यांनी चोरी लिहिली. भंगारवाल्याला बाकावर बसवलं. माझ्या मानेला चिठ्ठी बांधली आणि मला मागच्या अंगणात, गंजलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत नेऊन उभं केलं.

ती रात्र मी सुनेवर रागावून काढली. काय हा हट्ट! लिहून काय मिळालं?

सकाळी ती आली. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात तेलाची बुधली आणि चाकाचा नवा पट्टा, काखेत गणवेशाच्या कापडाचं गाठोडं. पट्टा चढवला, तेल घातलं, स्टूल ठेवलं आणि बसली.

होऊनजाईल धावत आला. "ओ ताई! पुराव्याला हात लावायचा नाही!"

"हात कुठं लावतेय?" ती म्हणाली. "ही पायानं चालते. आणि हलवत तर मुळीच नाहीये, इथंच आहे."

तिच्या तोंडून एवढं मोठं वाक्य ऐकून तो आल्या पावली वळला. मग साहेबांना विचारायला गेला. साहेबांनी खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून रोज माझी खडखड त्या चौकीत घुमते. भिंती हादरतात, होऊनजाईलच्या टेबलावरचा ग्लास कडेपर्यंत नाचत जातो. अतिशयोक्ती वाटत असेल तर येऊन बघा. शाळेचं काम पुरं होत आलं आहे. अंगावर गंज आहे, चिठ्ठी भिजून फाटत चालली आहे आणि घर कधी दिसेल ते मला माहीत नाही. ते दोन चोर अजून सापडलेले नाहीत. पण आता त्यांना शोधावं तरी लागतंय.

तक्रार घेऊन आलेली माणसं आत जाण्याआधी अंगणात डोकावतात. "काय सांगायचं असतं हो, ताई?" सून मान वर करत नाही. "जे झालं तेच. चोरी झाली असेल तर चोरी म्हणायचं," ती सांगते.

तुम्हालाही माझं तेवढंच मागणं आहे. तुमची सायकल जाईल, पंप जाईल, पायातली चप्पल जाईल. वस्तू छोटी आहे म्हणून तुम्हाला हसतील. आवाज लोण्यासारखा करून विचारतील, गहाळ लिहू का? तेव्हा त्या वस्तूची आण आहे तुम्हाला, मान हलवू नका. आम्हाला पाय असले तरी आम्ही तुम्हाला सोडून जात नाही.

थांबते आता. सून स्टुलावर बसली आहे, बाही जोडायची आहे.